जुन्या बासचा ट्रस रॉड: नेक उघडायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

बास गिटारच्या नेकमधी, म्हणजे तारा दाबतो त्या लांब दांड्यात, तारांच्या ओढीला तोंड देणारी लोखंडी सळी असते, ती ट्रस रॉड. तिच्या टोकाचं नट आवळलं की नेकचा वाक कमी होतो. जुन्या बासमधी ती चालेनाशी झाली तर काय, ते सांगतो. आधी दिवस बघा. सांगली-मिरजेत जून ते सप्टेंबर जुन्या बासच्या नेकला हात लावू नका, लाकूड हवेतली ओल धरतं आणि आज मोजलेला वाक चार दिवसांनी वेगळाच येतो. मी हे काम दिवाळी झाल्यावरच काढतो. बास निदान आठवडाभर ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत ठेवायचा, तारा लावून, नेहमीच्या सुरात. बासच्या चार तारांचा मिळून ताण साधारण 75 ते 80 किलो असतो, नेक त्या ताणाखाली कसा वागतो तेच तर बघायचंय, तारा काढलेला नेक काही सांगत नाही.

मोजायला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा लागतो, गाड्यांच्या स्पेअरपार्टवाल्याकडं मिळतो. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावा, नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. 0.3 ते 0.35 मिलिमीटर असेल तर ठीक, मिलिमीटरभर असेल तर रॉड धरत नाहीये. आकडा तारखेसकट वहीत लिहा. नंतर आठवेल असं म्हणून सोडू नका, नाही आठवत.

मग बास कुठला ते ओळखा, कारण तयारी त्यावर ठरते. जुन्या फेंडर कंपनीच्या बासमधी रॉडचं नट हीलला, नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतं, म्हणजे नेक खोलल्याशिवाय गाठच पडत नाही, आणि एकाच मेपलचा नेक असेल तर रॉड पाठीमागनं बसवलेला असतो, ती अक्रोडाची गडद पट्टी दिसते ना तिथनं. सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्याच तीन बोल्टवाल्या जॅझ बासमधी नट हेडस्टॉककडं, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाकडं आलं. रिकनबॅकर कंपनीच्या 4001 बासचा हिशोब पूर्ण वेगळा, त्यात दोन रॉड, प्रत्येक हेअरपिनसारखा दुमडलेला, तिथं नट फिरवून नेक वाकवायचाच नाही, नेक हातानं किंवा क्लॅम्पनं सरळ धरायचा आणि मग दोन्ही नट थोडी थोडी आवळायची. नटाच्या जोरावर केलं तर फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवर चिकटवलेली फ्रेटवाली लाकडी पट्टी, सुटून वर येतो. चांगली गोष्ट ही की ते जुने रॉड हेडस्टॉककडनं बाहेर ओढून काढता येतात, फिंगरबोर्ड उघडावा लागत नाही.

नेक खोलताना तारा आधी सैल. नेकच्या खाली पॉकेटमधी, म्हणजे नेक बसतो त्या बॉडीतल्या खाचेत, कागदाचा नाहीतर पुठ्ठ्याचा तुकडा निघाला तर तो कचरा नव्हे, कुठल्या बाजूला होता ते लिहून पाकिटात ठेवा. आणि हीलवर पेन्सिलनं किंवा शिक्क्यानं तारीख असेल तर तिथं पॉलिश पेपर लावू नका, त्या बासचा जन्मदाखला आहे तो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं लोक घाई करतात. रॉड खरंच तुटलाय का? नट फिरतंय आणि नेकवर परिणाम नाही म्हणजे रॉड तुटला असं नसतं. नटाचे आटे गेलेले असतील, नट आट्यांच्या शेवटाला टेकलं असेल, किंवा गंजून जाम झालं असेल. 2019 च्या महापुरानंतर सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या काकांचा सत्तरच्या दशकातला जॅझ बास माझ्याकडं आला, चार बोल्टवाला, हीलला नट असलेला, पेटीसकट ओलीत राहिलेला. काका म्हणाले, "बाळा, रॉड तुटलाय म्हणं, नवीन नेक टाक म्हणालेत." नेक खोलला तर नट गंजून लाल झालेलं, स्क्रूड्रायव्हरची खाच पण भरलेली. नेक हील खाली करून उभा केला, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही, सुईच्या टोकानं गंज सोडवायच्या तेलाचा एकच थेंब आट्यावर दिला आणि रात्रभर सोडला. सकाळी खाच टाचणीनं उकरून साफ केली, सोल्डरिंग आयर्न नटाला दोन मिनिटं टेकवला, आणि आवळायच्या नाही, सोडायच्या दिशेनं अगदी थोडा जोर दिला. कुर्र करून हललं. नट बाहेर काढलं तर खालचं वायसर लाकडात बसत बसत इतकं आत गेलेलं की नटाला पुढं आटाच शिल्लक नव्हता. दोन वायसर जास्तीची घातली, नेक क्लॅम्पनं उलट्या बाजूला हलका ताणून धरला, नट टेकेपर्यंत आवळलं. रॉड धड होता. काकांचा बास त्याच नेकवर आजही वाजतोय. म्हणून तयारीत वायसर, टाचणी, ग्रेफाइट आणि लाकडी ठोकळे लावलेले क्लॅम्प आधी, पटाशी नंतर.

नटाचे आटे गेले असतील तर नवीन नट लागेल, आणि इथं एक फसवणारी गोष्ट आहे. फेंडर-गिब्सनचा आटा 10-32, म्हणजे व्यास 4.83 मिलिमीटर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं एम-5, आट्याचं अंतर जवळजवळ सारखंच, त्यामुळं एम-5 चं नट त्यावर चढतं पण आणि बसल्यासारखं वाटतं पण. पण ते ढिलं असतं, ताण आला की घसरतं आणि रॉडचे आटे पण सोबत घेऊन जातं. 10-32 चं नट, टॅप आणि डाय आधीच मागवून ठेवा, काम सुरू करून शोधाशोध नको. रॉड नटाजवळ तुटला असेल तर कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडनं पोकळ नळीसारखं कटर करून घेता येतं, ते रॉडभोवतीचं लाकूड थोडं कोरतं, मग उरलेल्या टोकावर डायनं नवे आटे पाडायचे आणि लांब नट बसवायचं. फिंगरबोर्ड वाचतो.

एवढं करून रॉड मधेच तुटलेला निघाला तरच फिंगरबोर्ड उघडा. तेव्हा टेबलावर काय पाहिजे: इस्त्री, दोन पातळ सुऱ्या आणि एक लवचिक उलथणं, धारदार ब्लेड, 1.5 मिलिमीटरचा ड्रिल, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, सरळ लाकडी पट्टी आणि सरस. दोन फ्रेट काढून त्यांच्या खाचेतनं खाली भोकं पाडून पिना घाला, म्हणजे फिंगरबोर्ड परत होता तिथंच बसतो. जोडावरचं लॅकर ब्लेडनं आधी कापा, नाहीतर टवके निघतात. ब्लॉक इनले, म्हणजे फिंगरबोर्डमधी बसवलेले चौकोनी शोभेचे तुकडे, सेल्युलॉइडचे असतील तर त्यावर इस्त्री फिरवू नका, सेल्युलॉइड पेट घेतं.

नवीन रॉड जुन्याच्याच लांबीचा, साधा एका दिशेनं ओढणारा, जुन्याच वळणात. दोन्हीकडं चालणारा आजचा रॉड मी जुन्या नेकमधी घालत नाही, त्याला खोल आणि रुंद खाच लागते आणि लाकूड कमी होतं. रॉडला मेण चोळा, सरस खाचेत शिरला तर रॉड कायमचा धरला. सरसाबद्दल मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांकडं बसून शिकलो, तिथली मंडळी मुळात शिकलगार, हत्यारं बनवणारी, आता तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मधी जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळाला. चाचांचं एकच, भांडं थेट गॅसवर नाही, गरम पाण्यात ठेवायचं, 60 अंशाच्या आसपास, आणि लाकूड पण कोमट करून घ्यायचं, गार लाकडावर सरस लगेच थिजतो. पुढं कुणाला हाच नेक परत उघडावा लागला तर सरस ऊब-ओलीनं सुटतो, म्हणून जुन्या बासला मी तोच लावतो.

ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या की निदान 24 तास हात लावायचा नाही, मग फ्रेट, मग तारा. आणि तारा एकदम सुरात नाही, पहिल्या दिवशी सैल, दुसऱ्या दिवशी पूर्ण. वहीतला पहिला आकडा काढून शेजारी नवीन लिहा, आठवड्यानं परत मोजा.