नव्या माणसाचा परिवीक्षा काळ किती ठेवावा?

लहान कारखान्यांत आणि कार्यालयांत नव्या माणसाचे नेमणूकपत्र बहुधा जुन्या नेमणूकपत्रावरूनच तयार होते. नाव, पगार आणि तारीख बदलली जाते आणि ‘परिवीक्षा कालावधी सहा महिने’ हे वाक्य आहे तसेच खाली उतरते. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन, माणसाला कायम करण्याआधी त्याचे काम पारखण्याचा काळ. हे सहा महिने कशावरून ठरले, असे विचारले तर मालकालाही सांगता येत नाही. अशी पत्रे तयार करण्यात बरीच वर्षे गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही मुदत रिवाजावरून किंवा पदाच्या मोठेपणावरून ठरवू नये. त्या कामाचा एक पूर्ण फेरा किती दिवसांत होतो हे पाहावे आणि दाखवलेल्या चुका पुढच्या खेपेला सुधारतात का, हे कळण्यापुरता वेळ त्यात धरावा.

सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशीनवरचा ऑपरेटर ड्रॉइंग नीट वाचतो का, पहिला नग मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय पुढचे नग काढत तर नाही ना, इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजल्याचे त्याला वेळेत कळते का, हे दोन-तीन आठवड्यांत दिसून येते. रात्रपाळीला, सुपरवायझर जवळ नसताना, तो कसा वागतो हे समजायला पाळ्यांचे दोन-तीन फेरे जावे लागतात. अशा कामाला तीन महिने पुरतात. त्याहून जास्त ठेवले तर निर्णय लांबण्यापलीकडे काही साधत नाही.

लेखापालाची गोष्ट वेगळी आहे. ७ तारखेला टीडीएसचा (उगमस्थानी कापलेल्या कराचा) भरणा, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र), १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी (महिन्याचे एकत्रित जीएसटी विवरणपत्र), असे त्याच्या महिन्याचे वेळापत्रक ठरलेले असते, पण खरी परीक्षा तिमाही टीडीएस विवरणपत्राला होते. समजा तो १ ऑगस्टला रुजू झाला. ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायच्या विवरणपत्रात जुलैच्या नोंदी आधीच्या माणसाच्या असतात, त्यामुळे चूक निघाली तर ती कोणाची यावरच वाद होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ही त्याची स्वतःची पहिली पूर्ण तिमाही, आणि तिचे विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत जाते. म्हणजे येथे सहा महिन्यांना खरोखर कारण आहे. विक्रीच्या माणसाचेही तसेच: ऑर्डर आणणे हे अर्धे काम आहे, आणि साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर गेलेल्या मालाचे पैसे वसूल होईपर्यंत उरलेले अर्धे दिसत नाही.

आता कायद्याची चौकट. खासगी क्षेत्रातील सर्व नोकऱ्यांना लागू पडेल अशी परिवीक्षेची एकच मुदत आपल्याकडे नाही. स्थायी आदेश म्हणजे आस्थापनेतील कामगारांच्या सेवाशर्तींचे लेखी नियम; १९४६च्या स्थायी आदेश कायद्याखालील नमुना आदेशांनी कामगारांसाठी तीन महिने धरले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. तुमच्याकडे प्रमाणित स्थायी आदेश असतील, तर त्यांतील मुदत आधी पाहा, कारण नेमणूकपत्रातील वाक्य त्यांच्यावर मात करू शकत नाही. शाळांचे नियम स्वतंत्र आहेत: महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी १९७७च्या कायद्यानेच परिवीक्षेची मुदत ठरवून दिली आहे.

याहून महत्त्वाचा आकडा २४० दिवसांचा आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगाराची सेवा वर्षभराची सलग सेवा मानली जाते आणि त्यानंतर त्याला काढताना छाटणीची नोटीस व भरपाई यांचा प्रश्न उभा राहू शकतो. या मोजणीत पगारी रविवार आणि पगारी सुट्याही येतात. १ ऑगस्टला आलेल्या माणसाचे सहा महिने म्हणजे १८४ दिवस. त्याचा २४०वा दिवस २८ मार्चच्या सुमारास येतो. म्हणून ‘सहा महिने, गरज पडल्यास आणखी तीन’ ही सर्रास दिसणारी तरतूद मला धोक्याची वाटते, कारण ती २७३ दिवसांवर जाते. तीन अधिक तीन किंवा सहा अधिक एक, असे गणित ठेवावे.

मुदत वाढवायची असेल, तर मूळ मुदत संपण्याआधी, कारण लिहून आणि नवी तारीख घालून पत्र द्यावे. एका कारखान्यात एका फिटरची मुदत नेमकी दिवाळीच्या सुट्टीत संपली. सुट्टीनंतर माल पाठवण्याच्या गडबडीत कोणालाच आठवण राहिली नाही, आणि मार्चमध्ये त्याच्या हाती ‘परिवीक्षेत असमाधानकारक’ असे पत्र पडले. आपण केव्हाच कायम झालो, असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मला आजही म्हणवत नाही. नियमांनी परिवीक्षेची कमाल मुदत ठरवली असेल आणि ती उलटूनही माणूस कामावर ठेवला असेल, तर तो कायम झाला असे धरावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये धरमसिंग खटल्यात मान्य केले आहे. लेखी आदेशाशिवाय कायम समजले जाणार नाही, असे वाक्य पत्रात जरूर घालावे. मात्र त्याच्या भरवशावर तारखा विसरू नयेत.

तारखा रुजू होण्याच्या दिवशीच नोंदवून ठेवाव्यात: तिसाव्या दिवशी पहिला आढावा, मुदतीच्या मध्यावर दुसरा आणि मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी निर्णय. आढाव्यात ‘सुधारणा आवश्यक’ असे मोघम लिहून उपयोग नाही. ‘१२ तारखेच्या लॉटमधील ४० नगांपैकी ६ नग व्यासात कमी भरले’ असे लिहावे आणि त्याची सही घ्यावी. काढायची वेळ आलीच, तर पत्रात काम अपेक्षेप्रमाणे नाही एवढेच असावे. चोरी किंवा अफरातफरीचा आरोप त्यात आला, की तो ठपका ठरतो आणि चौकशीशिवाय दिलेले पत्र न्यायालयात टिकणे कठीण जाते.

परिवीक्षेत माणूस अर्धा नोकर असतो, हा समज मात्र काढून टाकावा. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि पात्र पगारावर कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) हे पहिल्या दिवसापासून लागू होतात, आणि पुढे ग्रॅच्युइटी मोजताना हा काळही धरला जातो. नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा, सात किंवा पंधरा दिवसांचा ठेवावा, आणि कायम केल्याचे पत्र मुदत संपताच त्याच आठवड्यात हातात द्यावे, पुढच्या पगारवाढीपर्यंत अडवून ठेवू नये.