कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात नेमका कुठे बसवावा

अलार्म विकत आणण्याआधी घरातून एक फेरी मारा आणि ज्योत किंवा निखारा जिथे जिथे असतो ती ठिकाणे लिहून काढा: गॅसची शेगडी, गॅस गीझर, थंडीत पेटवलेला कोळसा, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर. यांपैकी गीझरची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण तो अनेक घरांत लहानशा बाथरूममध्येच टांगलेला असतो आणि गार वारा लागू नये म्हणून खिडकीच्या झडपांना कोणीतरी पुठ्ठा लावून ठेवलेला असतो. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बांधला जातो, त्यामुळे अंघोळ करणाऱ्या माणसाला चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणून आधी गीझर बाथरूमबाहेर, ड्राय बाल्कनीसारख्या मोकळ्या जागी हलवून घ्या आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. अलार्म लगेच वाजतोच असे नाही: युरोपीय मानकानुसार हवेत ५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) वायू असल्यास तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, ३०० पीपीएम असल्यास ३ मिनिटांच्या आत.

आता जागा. एकच अलार्म घेणार असाल, तर तो झोपण्याच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा. घर दुमजली असेल, तर प्रत्येक मजल्यावर एक हवा. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी अलार्म तिथे कोणाला तरी हातात धरायला सांगा, स्वतः खोलीचे दार लावून पंखा पूर्ण वेगाने सोडा आणि टेस्टचे बटण दाबायला सांगा. पलंगावर पडल्या पडल्या आवाज स्पष्ट ऐकू आला, तरच ती जागा योग्य.

हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. एलपीजी मात्र जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, म्हणून त्याच्या गळतीचा डिटेक्टर खाली लावतात. ही दोन वेगळी उपकरणे आहेत. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. शेगडी किंवा गीझर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्या उपकरणापासून आडवे १ ते ३ मीटर अंतर ठेवून, भिंतीवर दाराखिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छताच्या किमान १५ सेंटिमीटर खाली लावावा. छतावर लावल्यास भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर असावा. झोपण्याच्या खोलीत तो साधारण उशीच्या उंचीवर चालतो. सोबतच्या माहितीपत्रकात वेगळे माप दिले असेल, तर तेच पाळा.

बाथरूमच्या आत तो लावू नका, वाफेने सेन्सर बिघडतो. शेगडीच्या किंवा सिंकच्या थेट वर, एक्झॉस्ट फॅनजवळ, पडद्यामागे, कपाटाच्या माथ्यावर या जागाही टाळा.

दर महिन्याला बटण दाबून तपासा. सेन्सरचे आयुष्य बहुधा ५ ते १० वर्षांचे असते. मागे छापलेली मुदत संपली की दिवा लागत असला तरी अलार्म बदला.

तो वाजला की जाता जाता दारे-खिडक्या उघडा, हाताशी असेल तर गॅस बंद करा, सर्वांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ११२ वर फोन करा. कोणाला डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी असेल, तर मोकळ्या हवेत बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना अलार्म वाजल्याचे आवर्जून सांगा.