हँडल थरथरतंय? कोनसेट बदलण्याआधी मागचं चाक तपासा

इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत मोटरसायकल कधी लहरत नाही. तिथे तिशी-चाळिशीच्या पुढे जायला मिळतंच कुठे! दोष उघडा पडतो तो बायपासवर, मांगलियाहून राऊकडे जाताना काटा सत्तरवर आला की. मेकॅनिक हँडल हलवून बघतो आणि सांगतो, "कोनसेट गया." कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगांचा संच. कधी तो खरंच गेलेला असतो. पण थरथर हँडलमध्ये जाणवली म्हणून दोषही तिथेच असेल असं नाही. पुष्कळदा तो मागच्या चाकापाशी निघतो. म्हणून सुरुवात फुकटच्या तपासण्यांपासून करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, टायर, कोनसेट सगळं एकदम केलंत तर गाडी सुधारेलही, पण पैसे कशाचे वाचले असते ते कळणार नाही.

लक्षण ओळखा

साठवरून थ्रॉटल सोडल्यावर, वेग उतरताना हँडल भराभर थरथरत असेल तर संशय पुढच्या टायरवर, रिमवर आणि कोनसेटवर. हँडल शांत, पण वेगात किंवा वळणावर अख्खी गाडी संथपणे डावी-उजवीकडे डोलत असेल तर मागे बघा: टायर, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश, शॉकअप, सामान. चालत्या गाडीचं हँडल सोडून परीक्षा घेऊ नका. आणि रस्त्यात गाडी लहरलीच, तर ब्रेक दाबू नका, हँडल आवळू नका. गुडघ्यांनी टाकी धरा आणि थ्रॉटल हळूहळू सोडा.

हवा, टायर, सामान

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. १००–१५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास लागते, मागे त्याहून जास्त. नेमका आकडा चेन कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाल्याचं "चालीस डाल दूँ?" ऐकू नका.

मग टायरवरून तळहात फिरवा. रोज सरळ रस्त्यावर धावलेला मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि वळायला लागलं की गाडी अडखळते. पुढच्या टायरला चढउतार लागले तर थरथर तिथलीच. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेलं असू शकतं. पावसाळ्यात माळव्याची काळी माती रिमला आतून चिकटून वाळते आणि चाकाचा तोल बिघडतो. ती धुतल्यावरच पुढचं बघा.

सामानाचं तर बोलूच नये. मागच्या एक्सलच्याही मागे, कॅरिअरवर शेव-नमकीनची पोती बांधून निघाल्यावर पुढचं चाक हलकं होणारच. ओझं उतरवून एक फेरी मारा. डोलणं थांबलं तर तपासणी तिथेच संपली.

मेन स्टँडवर

कोणाला तरी मागून गाडी दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचे, खालचे पाय धरून पुढे-मागे ढकला: टकटक जाणवली तर कोनसेट ढिला. मग हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर रेसरमध्ये, म्हणजे कोनसेटच्या गोळ्या ज्यात फिरतात त्या कड्यांमध्ये, खड्डे पडलेत. आवळून उपयोग नाही, वरचा-खालचा पूर्ण सेट बदला. कोनसेट जास्त आवळला तरी गाडी संथ वेगात सरळ चालत नाही, हे मात्र पुष्कळ जण विसरतात.

चाक फिरवून रिमजवळ पेन धरा. २ मिलिमीटरहून जास्त डोल दिसला तर रिम आऊट. स्पोक असतील तर एकेकावर स्क्रूड्रायव्हर वाजवा. ढिल्याचा आवाज बद्द येतो.

आता मागे. चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा आणि दुसऱ्या माणसाला चिमट्याच्या पिव्हटवर (तो फ्रेमला जोडलेला असतो तिथे) बोट ठेवायला सांगा. चिमटाही हलत असेल तर बुश गेले. फक्त चाक हलत असेल तर बेअरिंग. बुश स्वस्त असतात, पण शोधायचे कष्ट कोणी घेत नाही, म्हणून बिचाऱ्या कोनसेटवर आळ येतो.

शेवटी चेन. ती ताणताना घाईत एकाच बाजूचा नट फिरवला की चाक तिरकं बसतं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघा. खुणांवर भरवसा नसेल तर मागच्या टायरला मागून दोरी घालून तिची दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी सरळ ताणा. हँडल सरळ असताना दोन्हीकडे अंतर सारखं हवं.

फेरी

गाड्यांची परीक्षा घ्यायला कंपन्यांसाठी पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे; आपलं काम सुपर कॉरिडॉरवर सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर भागतं. हेल्मेट घालून, सामान आणि मागे कोणी न घेता, वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. नियमाच्या मर्यादेत थरथर दिसली नाही तर पुरे. कोनसेट नवा टाकला असेल तर पाचशे किलोमीटरनंतर फोर्क पुन्हा पुढे-मागे ढकलून बघा. नवे रेसर बसले की सेट थोडा ढिला पडतो आणि तो तेव्हाच आवळून घ्यावा लागतो.