बोटीसाठी जनरेटर घेताना: स्वस्त सेट, महाग इन्व्हर्टर सेट, की दोन्ही नकोत?

दुकानात दोन सेट शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक उघड्या पाइपच्या चौकटीतला, २ केव्हीएचा, दणकट दिसणारा. दुसरा प्लास्टिकच्या कव्हरमधला इन्व्हर्टर सेट, सुटकेसच्या आकाराचा, तेवढ्याच ताकदीचा आणि किंमत कितीतरी पट. बोटवाला विचारतो, "जास्तीचे पैसे कशाचे?" त्याला बहुतेक वेळा "कंपनीचा आहे" एवढंच उत्तर मिळतं. खरं उत्तर असं, की जास्तीच्या पैशांत शांतता, हलकं वजन, स्वच्छ करंट आणि पेट्रोलची बचत मिळते. खाऱ्या हवेपासून संरक्षण मिळत नाही आणि विषारी धुरापासूनही मिळत नाही. दोन्ही सेट जमिनीवरच्या वापरासाठी बनवलेले आहेत. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचा हिशेब सोपा होतो.

आधी वॅट मोजा

कागद घेऊन बोटीवरची प्रत्येक वस्तू आणि तिचे वॅट लिहा. खाडीत रात्रभर नांगर टाकून राहणाऱ्या छोट्या केबिनवाल्या बोटीचं उदाहरण घेऊ. एलईडी दिवे ६० वॅट, दोन छोटे पंखे ४०, चार मोबाइल ४०, लॅपटॉप ६५, लहान फ्रिज ८०. बेरीज २८५ वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो, म्हणून ४००-५०० वॅट वर धरा. एकूण ८०० च्या आत. आता यात चहाची इलेक्ट्रिक किटली घाला: १५०० वॅट. एका किटलीपायी १ केव्हीएच्या जागी किमान २ केव्हीएचा सेट घ्यावा लागतो, इन्व्हर्टर सेटचं वजन १३ किलोवरून २१ वर जातं आणि किंमतही चढते. चहा थर्मासात भरून आणा. किटली, इस्त्री, हेअर ड्रायर, इंडक्शन शेगडी यांतलं काय खरोखर लागतं ते पैसे मोजण्याआधी ठरवा.

प्लेटवरचा आकडाही नीट वाचा. 'मॅक्स' म्हणजे काही मिनिटं झेपेल तो भार, 'रेटेड' म्हणजे सतत चालेल तो. होंडाच्या ईयू२२आय सेटवर मॅक्स २२०० वॅट आहे, रेटेड १८००. स्वस्त सेटच्या खोक्यावर बहुधा मॅक्सच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तोही केव्हीएमध्ये. केव्हीएचे वॅट काढायला पॉवर फॅक्टर नावाच्या आकड्याने गुणावं लागतं. तो ०.८ धरला तर २ केव्हीए म्हणजे १६०० वॅटच. दुकानदाराकडून रेटेड वॅट बिलावर लिहून घ्या आणि आपला सततचा भार त्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनाची ताकद थोडी उतरतेच.

फरक नेमका कुठे पडतो

साध्या सेटचं इंजिन भार असो वा नसो, मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच फिरतं, कारण ५० हर्ट्झ त्या फेऱ्यांतूनच मिळतात. एक मोबाइल चार्ज करायलाही ते तेवढंच बोंबलतं. इन्व्हर्टर सेट आधी डीसी करंट तयार करून इलेक्ट्रॉनिक बोर्डातून २३० व्होल्टचा एसी बनवतो, त्यामुळे भार कमी असला की इंजिन सावकाश फिरू शकतं. पेट्रोल आणि आवाज दोन्ही तिथेच वाचतात.

करंटची प्रतही वेगळी असते. इन्व्हर्टर सेटच्या लहरीत ३ टक्क्यांच्या आतबाहेर विकृती असते. स्वस्त सेटमध्ये ती १०-२० टक्क्यांवर जाऊ शकते. बल्ब, पंखा, किटली यांना त्याचं सोयरसुतक नाही. बॅटरी चार्जर, इन्व्हर्टर फ्रिजचा बोर्ड आणि लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर मात्र तापतात, गुणगुणतात आणि अकाली जातात. भारात अशा वस्तू जास्त असतील तर महाग सेटकडे झुकण्याचं हे सबळ कारण आहे.

आवाजाचे आकडे सांगताना सर्रास गल्लत होते. एका माहितीपत्रकात ७ मीटरवरचे डेसिबल असतात, तर दुसऱ्यात यंत्राची एकूण ध्वनिशक्ती. ९० ध्वनिशक्तीचा सेट मोकळ्या जागेत ७ मीटरवर साधारण ६५ ऐकू येतो. एकाचे ९० आणि दुसऱ्याचे ५७ अशी तुलना करू नका, दोन्ही ७ मीटरचेच आकडे मागा. सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) लेबल नसलेला सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता पेट्रोल. पाव भारावर ईयू२२आयची ३.६ लिटरची टाकी आठ तासांच्या थोडी पुढे जाते, म्हणजे तासाला सुमारे ०.४५ लिटर. तेवढ्याच भारावर साधा सेट ०.७५ लिटर पितो असं धरू. तासाला ०.३ लिटर वाचलं, लिटरचे १०० रुपये धरले तर ३० रुपये. दोन सेटच्या किमतीत ६०,००० चा फरक असेल तर तो भरून निघायला २००० तास लागतील. ऑक्टोबर ते मे रोज तीन तास सेट चालवणाऱ्या पर्यटक बोटीचे वर्षाला ७२० तास होतात, म्हणजे तीन वर्षांत पैसे वसूल. वर्षातले ३० दिवस बोट काढणाऱ्याचे होतात ९० तास. त्याला २२ वर्षं लागतील. त्याने महाग सेट घ्यायचाच तर शांततेसाठी आणि एकट्याने जेटीवरून उचलता येतो म्हणून घ्यावा. बचतीचं कारण त्याला लागू नाही.

दुरुस्तीत पारडं उलट फिरतं. साध्या सेटचा कंडेन्सर किंवा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तालुक्याच्या गावातला मेकॅनिक तासाभरात बदलतो. इन्व्हर्टर बोर्डात खारट दमट हवा शिरून तो गेला, तर बदलावाच लागतो आणि तो बराच महाग पडतो. जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि बोर्ड किती दिवसांत मिळतो, हे विचारल्याशिवाय महाग सेट घेऊ नका.

स्वस्तात स्वस्त सेटमध्ये एका गोष्टीवर मात्र तडजोड नको: तेल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर. ही छोटी इंजिनं तेल शिंपडून चालतात. बोट डोलली की तेल एका बाजूला जातं. तेल काठोकाठ नसेल तर सेन्सर सेट बंद पाडतो आणि लोकांना वाटतं सेट खराब आहे. सेन्सर नसलेला सेट चालत राहतो आणि पिस्टन जाम होतो. दर वेळी सुरू करण्याआधी सेट सपाट ठेवून तेल बघा. पहिलं तेल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी.

धूर: इथे किंमत कामाला येत नाही

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घराच्या बाबतीत जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, म्हणजे २० फूट लांब ठेवा असं सांगतात. ८ मीटरच्या बोटीवर ते अंतर आणायचं कुठून? म्हणूनच बोटीवर जास्त सावध राहावं लागतं.

सेट उघड्या डेकवर ठेवा. केबिनमध्ये, ताडपत्रीखाली किंवा इंजिनाच्या खणात कधीही नाही. सायलेन्सरचं तोंड पाण्याकडे आणि वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला, बोटीबाहेर हवं. पण एकदा नीट ठेवला म्हणजे झालं असं नाही. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून. खाडीत त्यात भरती-ओहोटीची भर: ओहोटी लागली की नांगरावरची बोट प्रवाहाला तोंड करून फिरते आणि वारा मागून यायला लागतो. संध्याकाळी सहाला बाहेर जाणारा धूर रात्री अकराला थेट केबिनच्या दारात येतो. बोटीचं तोंड फिरलं की सेट बंद करून जागा बदला. शेजारी दुसरी बोट बांधलेली असेल तर तिच्यावरच्या माणसांचाही विचार करा. कुणी झोपलेलं असताना किंवा मागच्या बाजूला पाण्यात पोहत असताना सेट चालवायचा नाही. स्कूबाच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर जवळ असेल तर दोन्ही एका वेळी नकोत. त्याच्या हवेच्या नळीतून हा वायू थेट टाकीत जातो.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं हुबेहूब बोट लागल्यासारखी असतात, धोका तिथेच आहे. कधी बोट न लागणाऱ्या तांडेलाचंही डोकं दुखायला लागलं किंवा दोघा-तिघांना एकदम मळमळलं, तर लिंबू देत बसू नका. सेट बंद करा, सगळ्यांना उघड्या हवेत आणा आणि डॉक्टर गाठा. झोपायच्या जागी, उशीच्या उंचीवर मरिन वापराचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावा. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असल्याने छताला किंवा तळाला अलार्म लावायचं कारण नाही. पैसे कमी पडत असतील तर सेट लहान घ्या, पण अलार्म घ्याच.

पेट्रोलची वाफ मात्र हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती बोटीच्या तळात साचते, आणि या सेटच्या स्विचची ठिणगी झाकलेली नसते. डिझेल इंजिनाच्या बोटीवर पेट्रोल जनरेटर आणणं म्हणजे जो धोका नव्हता तो विकत घेणं. पेट्रोल किनाऱ्यावरच भरा, तेही सेट थंड झाल्यावर, आणि कॅन उघड्या डेकवर बांधा. प्रवासी बोट असेल तर आधी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या किंवा गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या सर्वेक्षकाला विचारा. मच्छीमार बोटींनी हेही ध्यानात ठेवावं, की जनरेटर लावून एलईडीच्या झोतात मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे.

वायरिंग

घरातली एकेरी तार बोटीवर नको, ती कंपनांनी तुटते. कथिल चढवलेली, बारीक तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची केबल आणि झाकणाचे वॉटरप्रूफ सॉकेट वापरा. जेटीवरची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवाच.

एक गोष्ट पुष्कळ वायरमनही विसरतात. बहुतेक छोट्या इन्व्हर्टर सेटमध्ये न्यूट्रल चौकटीला जोडलेला नसतो. अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला आणि त्याचं टेस्ट बटण दाबलं, तर तो पडतो आणि सगळं ठीक वाटतं. पण खरोखर करंट अंगातून गेला तर त्याला परतीची वाटच नसल्याने आरसीसीबी पडेलच असं नाही. न्यूट्रल-अर्थची जोडणी कुठे आणि कशी करायची हे उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच ठरवून घ्या.

दुकानात तपासून घ्या

हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर आणि १००० वॅटचा हीटर बरोबर न्या. साधा सेट रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास आणि भारावर ४९ च्या खाली न जाणारा हवा, व्होल्टेज २१५ च्या वर. हीटर लावताच आवाज चढ-उतार करत राहिला, ज्याला मेकॅनिक हंटिंग म्हणतात, तर कार्बोरेटर किंवा गव्हर्नरमध्ये (इंजिनाच्या फेऱ्या सांभाळणाऱ्या भागात) गडबड आहे. वाइंडिंग तांब्याचं आहे हे बिलावर लिहून घ्या.

आणि दोन्ही नकोत ते कधी

वरच्या यादीत फ्रिज आणि लॅपटॉप वगळले तर १४० वॅट उरतात. १०० अँपिअर-तासाची १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी १२८० वॅट-तास देते. त्यातले हजार वापरले तरी सात तास निघतात, आवाज नाही, धूर नाही. रात्री मुक्काम करणाऱ्या छोट्या बोटीसाठी आमची पसंती स्वस्त-महाग कुठल्याही जनरेटरआधी या बॅटरीलाच राहील.

घेतलाच असेल तर पावसाळ्याआधीचं काम चुकवू नका. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं. किनाऱ्याच्या दमट हवेत दोन-तीन महिने पडून राहिलं तर कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि हिरवट चिकटा जमतो, आणि ऑक्टोबरात दोरी ओढून खांदा दुखतो. बरीच छोटी इंजिनं १० टक्के इथेनॉलपर्यंतच धरून बनवलेली आहेत, म्हणून ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, चालतं का हे पुस्तिकेत बघा. मेअखेर टाकी रिकामी करा, वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढा. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसा, प्रेशरने धुऊ नका. प्लग काढून चमचाभर इंजिन तेल आत सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा आणि सेट बोटीवरून उतरवून घरात कोरड्या जागी ठेवा.