दीर्घायुष्यासाठी लसूण, कोबी, हळद खाताय? या चुका टाळा

पहिली चूक कढईत होते. लसणाची अख्खी पाकळी तापल्या तेलात टाकली, तर ज्या अॅलिसिनसाठी (लसणाचा उग्र वासाचा, गंधकयुक्त घटक) ती खायची ते बनतच नाही. पाकळीत ते आयतं नसतं. लसूण ठेचला की अॅलिनेज हे एन्झाइम मोकळं होतं आणि त्यातून अॅलिसिन तयार होतं. उष्णतेने एन्झाइमच मरतं, म्हणून लसूण ठेचून 10 मिनिटं ठेवा, मग फोडणीत घाला.

ब्रोकोलीतल्या सल्फोराफेन या गंधकयुक्त घटकाचं आणि कोबीतल्या त्याच्या भावंडांचंही असंच. तिथलं एन्झाइम मायरोसिनेज. भाजी चिरून 40 मिनिटं ठेवा, मग हलकी वाफवा. घाई असेल तर शिजलेल्या भाजीवर अर्धा चमचा कच्ची मोहरीपूड भुरभुरा. मोहरीतही तेच एन्झाइम असतं. फोडणीतली मोहरी इथे कामाची नाही, तडतडली की संपलं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका म्हणजे एन्झाइम जिवंत असल्याची खूण!

टोमॅटोचं मात्र उलटं. त्यातलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर आणि तेलासोबत जास्त शोषलं जातं. गाजराच्या कोशिंबिरीतही तेलाची फोडणी किंवा दाण्याचं कूट हवंच. 'डाएट'च्या नावाखाली ते वगळलं, तर बीटा-कॅरोटीन हे गाजराचं नारिंगी रंगद्रव्य बरंचसं वाया जातं.

हळदीबाबत अपेक्षा आवरा. एका चमच्यात (3 ग्रॅम) करक्युमिन हा तिचा मुख्य घटक जेमतेम 90 मिलिग्रॅम, आणि तेही रक्तात फारसं उतरत नाही. बंगळुरूच्या 1998च्या प्रयोगात 2 ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं पिपरिन 20 मिलिग्रॅम दिल्यावर शोषण 20 पट झालं. हाच आकडा दाखवून कॅप्सूल विकल्या जातात. पण पिपरिन काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या हळद-मिरीला हा धोका नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ग्रीन टी पिणं वेगळं आणि तिचा अर्क गिळणं वेगळं. गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत गोळीतून रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त आढळला. गाजर खाऊन असं होत नाही.

आणि आयुष्य? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या चाचण्यांत रेझव्हेराट्रॉल (द्राक्षं आणि रेड वाइनमधला घटक), करक्युमिन, ग्रीन टीचा अर्क यांपैकी कशानेही सामान्य उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. इटलीतल्या कियांती भागात 65 वर्षांवरच्या 783 जणांना 9 वर्षं पाहिलं. लघवीत रेझव्हेराट्रॉलचे अंश जास्त असलेले जास्त जगले, असं काही दिसलं नाही. तेव्हा वाइनला औषध म्हणू नका.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी रोज कच्च्या पालकाचा रस पिऊ नये, त्यात खडे बनवणारं ऑक्झलेट फार. पालक उकडा, पाणी ओतून द्या. हिमोग्लोबिन कमी असेल, तर जेवणाला लागून चहा नको. चहातली पॉलिफेनॉल्स भाजी-डाळीतलं लोह शोषू देत नाहीत. निदान तासाभराचं अंतर ठेवा.