टोमॅटोचा पावसाळी तोडा: कॅरेटच्या तळाकडे बघा

खरीप टोमॅटोचे तोडे सुरू झालेत. नारायणगाव पट्ट्यात काय किंवा दिंडोरी-निफाडकडे काय, सकाळपासून बांधाबांधावर कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार क्रेट, दिसू लागलेत. भाव आपल्या हातात नाही. 2023 च्या जुलैत 20 किलोचे कॅरेट 2000 रुपयांच्या वर गेले आणि सप्टेंबरात टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली, हे आपण पाहिलेच. तोडलेला माल गिऱ्हाइकाच्या घरी धड पोहोचतो की उकिरड्यावर जातो, हे मात्र बरेचसे आपल्या बांधावरच ठरते. लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संस्थेच्या 2015 च्या अहवालात टोमॅटोचे काढणीनंतरचे नुकसान 12.44 टक्के दिले आहे. शंभर कॅरेटमागे बारा कॅरेट, तेही बी, औषध, मजुरी असा सगळा खर्च होऊन गेल्यावर.

मागच्या हंगामात व्यापाऱ्याने आमच्या गाडीतले एक कॅरेट उचलले आणि रिकाम्या कॅरेटमध्ये पालथे केले. वरचा थर कसा, फोटो काढावा असा होता. तळाच्या फळांच्या अंगावर मात्र जाळीचे चौकोन उमटलेले, दोन फुटलेली आणि त्यांचा रस शेजारच्यांना लागलेला. अख्ख्या लॉटला बदल्याचा, म्हणजे हलक्या मालाचा, भाव पडला. वाईट वाटले, पण भांडायला तोंड नव्हते. आम्हीच काठाच्या वर शीग लावून कॅरेट भरले होते.

म्हणून पहिली गोष्ट भरण्याची. कॅरेटच्या काठाखाली दोन बोटे जागा सोडा. थप्पी लावली की वरच्या कॅरेटचे ओझे खालच्या कॅरेटच्या काठांवर यायला हवे. शीग लावली की तेच ओझे फळांवर येते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक हादऱ्याला ती चेपत जातात. बादलीतला माल गुडघ्याच्या उंचीवरून ओतू नका, बादली कॅरेटमध्ये टेकवून हळूच कलती करा. आतला मार त्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी दुकानात ती जागा मऊ पडते. देठही काढा, राहिलेला देठ शेजारच्या फळाला टोचतो आणि कुजायची सुरुवात तिथूनच होते. मजूर बायांना तोडा उक्ता दिला असेल तर घाई होणारच. दोन-चार कॅरेट स्वतः भरून दाखवा.

कलर कोणता धरायचा हे बाजार किती लांब आहे त्यावर. लांबच्या गाडीला शेंड्याकडे नुकता कलर फुटलेला माल द्या, मुंबई-पुण्याला गुलाबी चालतो, पूर्ण लाल फळ गावाच्या आसपासच विका. एका कॅरेटमध्ये हे तिन्ही मिसळू नका. पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते, त्याने बाकीचीही भराभर पिकतात आणि वाटेतच लाल होऊन बसतात. त्याच गाडीत काकडी, कोथिंबीर असेल तर तीही लवकर पिवळी पडते.

तोडा सकाळी, पण दव सुकल्यावर. ओले फळ कॅरेटमध्ये गेले की कूज हमखास. पावसाचा अंदाज असेल तर कलर फुटलेला माल आदल्या दिवशीच काढून घ्या. मोठी उघडीप आणि त्यावर जोरदार पाऊस झाला की फळांना तडे जातात. तडा गेलेले एकही फळ चांगल्या मालात जाऊ देऊ नका, भले वजन कमी भरो. भरलेली कॅरेट झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवा. ताडपत्री थेट फळांवर टाकली तर खाली भट्टी होते; ती बांबूवर उंच ताणा. फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस मोजल्याशिवाय तोडा नको, हे वेगळे सांगायला नकोच.

कॅरेटमध्ये रद्दी अंथरायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती सोडा. जाळीची भोके बुजतात, हवा खेळत नाही, कागद ओला होऊन फळाला चिकटतो आणि बाजारात त्याचा नुसता चिखल होतो. छपाईच्या शाईमुळे खाण्याची वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची मनाई आहेच. कॅरेट खरबरीत झाले असेल तर अंथरायला धुता येईल असा फोमचा तुकडा वापरा. तुटकी कड असलेले कॅरेट मात्र बाजूलाच काढा.

बाजारातून परत आलेले कॅरेट तसेच भरू नका. मागच्या खेपेचा रस आणि बुरशी त्यात असतेच. आधी साबणाच्या पाण्याने घासून माती काढा, कारण चिखल असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते. मग 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरला 5 मिली या प्रमाणात घेऊन त्यात बुडवा, पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. कॅरेटवर रंगाने आपली खूण करा, हरवण्याचे प्रमाण कमी होते. चांगले कॅरेट कित्येक खेपा चालते. कागदी खोका पावसात एका खेपेतच संपतो.

शहरातल्या हाउसिंग सोसायट्यांना थेट विक्री करत असाल तर पन्नी गुंडाळलेल्या ट्रेच्या नादी लागू नका. आत वाफ धरते आणि माल लवकर जातो. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे, तेव्हा पिशवी घरून आणा असे गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीच्या मेसेजमध्येच कळवा. आकाराने वेडीवाकडी पण निरोगी फळे तिथे वेगळ्या भावाने ठेवा. भाजीला आकार लागत नाही, आणि हा माल आडतीवर नेला तर गाडीभाडेही सुटत नाही.

उरलेली सडकी, किडकी फळे बांधावर फेकू नका. नागअळी, म्हणजे ट्युटा, आपल्याकडे 2014 मध्ये पुणे भागात आढळली आणि अशाच ढिगांतून ती पुढच्या प्लॉटवर येते. फळ पोखरणाऱ्या अळीचेही तेच. प्लॉटपासून लांब खड्डा घ्या, फळांच्या थरावर शेण आणि पाचट टाका आणि त्याच संध्याकाळी वरून वीतभर मातीने झाका.