वयात येण्याची कादंबरी कोणत्या वयाच्या मुलाला द्यावी?

नायकाचं वय पाहून पुस्तक निवडलं की बहुतेक वेळा चुकतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन लहान शाळकरी मुलगा आहे, म्हणून 'वनवास' चौथी-पाचवीच्या मुलाला दिलं जातं. त्याचं सारखं 'मॅडसारखं' म्हणणं त्या मुलाला आवडतं. पण आईवडिलांना सोडून आजी-आजोबांकडे राहणाऱ्या पोराची हुरहुर निसटते, आणि कानडी वळणाच्या मराठीत वाचन अडखळतं. हे पुस्तक तेरा-चौदाव्या वर्षी द्यावं. मोठेपणी ते पुन्हा वाचलं जातंच.

म्हणून आधी गोष्ट कोण सांगतंय ते पाहा. 'श्यामची आई'त मोठा झालेला श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. अशा रचनेत सांगणारा मोठा माणूस बरंच उलगडून देतो, त्यामुळे नवव्या-दहाव्या वर्षापासून हे पुस्तक रोज एक रात्र याप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवता येतं. शेवटाकडे मात्र आईचं आजारपण आणि मृत्यू आहे. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर ती पानं आधी स्वतः वाचा आणि मग ठरवा.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त असं सांभाळून घेणारं कुणी नाही. नववीतला जोशी स्वतःच बोलतो, आणि त्याला जे कळत नाही ते वाचकाने ओळखायचं असतं. त्यासाठी वाचक किमान त्याच्याएवढा, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचा हवा. पालक पुस्तक चाळतात, शिव्या आणि 'लाइन' दिसते, आणि पुस्तक कपाटात जातं. त्या शिव्या नववीतल्या मुलाला मैदानावर रोज ऐकू येतात. सहावीतल्या मुलाला पुस्तक देऊ नये ते वेगळ्या कारणाने: त्याच्या हाती फक्त शिव्या लागतील, जोशीची तगमग नाही. देताना आणीबाणीबद्दल (जून 1975 ते मार्च 1977) दोन वाक्यं सांगा, म्हणजे मागे काय चाललंय ते कळेल.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' सतरा-अठराच्या आत नको. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाचं तुटलेपण घर सोडून होस्टेलवर राहिलेल्याला लगेच भिडतं. त्याआधी नुसतं पांडुरंगच्या तोंडचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लक्षात राहतं.

आता पुस्तक हातात घेऊन तीन ठिकाणी दोन-दोन पानं वाचा: सुरुवात, मध्य आणि शेवटचा चौथा भाग. सुरुवातीवरून भाषा कळते. अवघड प्रसंग बहुधा शेवटच्या भागात असतात. मग मधलं एक पान मुलाला वाचायला द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायला सांगा. पानभरात पाचही बोटं मिटली, तर त्याने एकट्याने वाचण्यासाठी ते पुस्तक अजून जड आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं असं वारंवार होतं. त्यांची समज पुरेशी असते, देवनागरी वाचण्याचा वेग कमी पडतो. त्यांच्यासाठी सोपं पुस्तक शोधू नका. पहिली तीस-चाळीस पानं तुम्ही वाचून दाखवा, पुढचं ती स्वतः वाचतात.

देताना 'यातून खूप शिकण्यासारखं आहे' हे वाक्य टाळा, त्याने पुस्तकाचा अभ्यास होतो. चाळीस पानांनंतर मुलाने पुस्तक मिटलं तर कारण विचारत बसू नका. हाताला येईल अशा फळीवर ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढून पाहा.